सॉफ्टवेअर भाड्याचं, धंदा स्वतःचा : क्लाउडचा खरा हिशोब कसा मांडायचा?

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं आउटलुक आणि टीम्स अचानक बंद पडलं. व्हायरस आला नव्हता, हॅकिंग झालं नव्हतं आणि बिलही थकलेलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं होतं की लायसन्सचे पूर्ण पैसे भरलेले असूनही मायक्रोसॉफ्टने आमच्याच डेटापर्यंत पोहोचण्याचा रस्ता बंद केला.

कारण राजकीय होतं. १८ जुलैला युरोपियन युनियनने रशियावर नवे निर्बंध लावले आणि त्यात नायराचं नाव होतं, कारण रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा नायरात ४९.१३ टक्के हिस्सा आहे. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली आणि ३० जुलैच्या सुमारास सेवा परत सुरू झाली. मधल्या काळात कंपनीला ईमेलसाठी रेडिफचा आधार घ्यावा लागला, अशा बातम्या आल्या.

ही काही छोटी कंपनी नाही. देशाच्या तेल शुद्धीकरण क्षमतेपैकी साधारण ८ टक्के क्षमता तिच्याकडे आहे. सहा हजारांहून जास्त पेट्रोल पंप आहेत आणि कॉर्पोरेट ऑफिस मुंबईत आहे. एवढ्या मोठ्या कंपनीचा ईमेल दुसऱ्या देशांच्या भांडणात अडकू शकतो, तर छोट्या धंद्याने काय करायचं?

आता नागपूरच्या मनीषनगरात या. वर्धा रोडवरून आत शिरलात की बेसा रोडपर्यंत कोचिंग क्लासेस, पॅथॉलॉजी लॅब, सीए ऑफिस, जिम, किराणा आणि फर्निचरची दुकानं लागतात. बिलिंग, हजेरी, फीची पावती, व्हॉट्सअॅपवर येणारा लॅब रिपोर्ट, यातलं बरंच काम आता महिन्याच्या भाड्यावर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. अशा एखाद्या ठिकाणी तुम्ही काम करत असाल, किंवा घरच्या दुकानात ‘मोबाईलचं सगळं तूच बघ’ हे खातं तुमच्याकडे असेल, तर हा विषय थेट तुमचा आहे.

आधी दोन मिनिटांत बेसिक

क्लाउड म्हणजे आकाशात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतले कॉम्प्युटर आपण इंटरनेटवरून भाड्याने वापरतो, एवढंच. त्यातल्या काही इमारती आपल्या जवळच आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउड सुरू केला, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत.

प्रकार समजायला घराचं उदाहरण सोपं पडतं. स्वतःचा सर्व्हर म्हणजे प्लॉट घेऊन घर बांधणं. क्लाउडवर नुसतं मशीन भाड्याने घेणं म्हणजे रिकामा फ्लॅट : भिंती मालकाच्या, पण गॅसपासून पंख्यापर्यंत सगळं तुम्ही आणायचं. आणि सॉफ्टवेअर अॅज अ सर्व्हिस, म्हणजे सास (हिंदी सिरियलमधली नव्हे), हे पीजीसारखं आहे. बॅग घेऊन जायचं आणि राहायला लागायचं. जेवण, सफाई, वायफाय मालक बघणार. मिहानमध्ये जॉब लागला म्हणून पीजीत राहणाऱ्या कुणालाही विचारा, सोय किती आहे ते सांगेल. भाडं दर वर्षी वाढतं आणि नियम मालकाचे चालतात, हेही सांगेल.

क्लाउडने पैसे वाचतात का?

सास विकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच म्हणतो : खर्च कमी होतो. आपण साधं गणित करून बघू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा मनीषनगरात २५ कर्मचाऱ्यांची एक फर्म आहे. स्वतःचा सर्व्हर, यूपीएस आणि लायसन्स मिळून सुरुवातीला ४ लाख रुपये. मेंटेनन्सचे वर्षाला ४० हजार, वीज आणि एसीचे ३० हजार. पाच वर्षांचे झाले साडेसात लाख.

आता सास. माणशी महिना ५०० रुपये धरले तर २५ जणांचे महिन्याला १२,५०० आणि वर्षाला दीड लाख. जीएसटी सोडून पाच वर्षांचे साडेसात लाख.

म्हणजे बरोबरी! आणि कंपनीने दर वर्षी १० टक्के भाव वाढवला, तर सासचा आकडा ९ लाख १५ हजारांच्या वर जातो. ‘क्लाउड स्वस्त असतो’ हे वाक्य म्हणून असंच्या असं खरं नाही. काम जितकं मोठं आणि रोज एकसारखं, तितकं स्वतःचं मशीन परवडायला लागतं. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स कंपनीचं २०२२ चं क्लाउड बिल ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी हिशोब मांडला, स्वतःचे सर्व्हर विकत घेतले आणि क्लाउडमधून बाहेर पडायला सुरुवात केली.

मग जगभरातल्या कंपन्या क्लाउडवर का जातात? कारण खरा फायदा बिलाच्या आकड्यात दिसत नाही, तो इतर ठिकाणी असतो.

खरा फायदा कुठे आहे?

पहिला फायदा म्हणजे पैसे एकदम अडकत नाहीत. नव्या धंद्यात पहिल्याच दिवशी ४ लाख सर्व्हरमध्ये घालण्यापेक्षा महिन्याला साडेबारा हजार देणं सोपं. माणसं २५ ची १५ झाली तर बिल पुढच्या महिन्यापासून कमी होऊ शकतं. विकत घेतलेला सर्व्हर मात्र अर्धा परत करता येत नाही.

दुसरा फायदा नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शहरात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत आणि सीताबर्डी भागात पाणी घुसलं, मोरभवन बस स्टँडवर बसेस पाण्यात उभ्या होत्या. अशा वेळी तळमजल्यावरच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्येच सगळा हिशोब असेल तर? फर्निचर परत घेता येतं, पाच वर्षांची बिलं आणि पेशंटचे रिपोर्ट परत मिळत नाहीत. पूर नसला तरी आपला मे महिना आहेच. पारा ४५ च्या वर गेला, एसी बंद पडला आणि लाईट गेली, की छोट्या खोलीतल्या सर्व्हरची परीक्षाच असते. हा ताप दुसऱ्यावर सोपवणं याला किंमत आहे.

तिसरा फायदा बदलांचा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बऱ्याचशा वस्तू ५ आणि १८ टक्क्यांच्या दोन मुख्य टप्प्यांत आल्या. त्या सकाळी प्रत्येक दुकानाच्या बिलावर नवा दर यायला हवा होता. अशा वेळी सास कंपनी एका जागी बदल करते आणि तो सगळ्या ग्राहकांना मिळतो. जुनं, कुणीतरी बसवून दिलेलं सॉफ्टवेअर असेल तर तो ‘कुणीतरी’ फोन उचलतो का, यावर सगळं अवलंबून.

चौथा फायदा गर्दीच्या दिवसाचा. दहावीच्या निकालाच्या दिवशी १५ लाखांच्या आसपास मुलं आणि त्यांचे घरचे एकाच तासात साइट उघडतात. उरलेलं वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही. त्या एका तासासाठी मशीन विकत घेऊन ठेवणं वेडेपणा आहे, भाड्याने घेणं शहाणपणाचं. क्लासच्या अॅडमिशनचा आठवडा किंवा दिवाळीची विक्री, गणित तेच.

आणि सगळ्यात मोठा फायदा : छोट्याला मोठ्याची यंत्रणा मिळते. आपल्याकडच्या सहकारी बँका बघा. चार शाखांची नागरी बँक स्वतःचं डेटा सेंटर कसं चालवणार? म्हणून २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच एक योजना आणली. कोअर बँकिंग सॉफ्टवेअर भाडेतत्त्वावर घेणाऱ्या नागरी सहकारी बँकांसाठी सुरुवातीचे ४ लाख रुपये रिझर्व्ह बँक भरणार होती. गावातल्या बँकेच्या खातेदाराला एटीएम आणि यूपीआय मिळण्यामागे अशा भाड्याच्या यंत्रणेचा मोठा वाटा आहे.

आणि तीच सोय एका रात्रीत उलटली

३१ जुलै २०२४. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला पेमेंट नेटवर्कपासून तोडलं. सी-एज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी. तिचे ग्राहक मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँका. कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता आणि तो बाकीच्या बँकांपर्यंत पसरू नये म्हणून हा निर्णय घेतला गेला.

परिणाम? देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक यूपीआय आणि एटीएमपासून तुटले. १ ऑगस्टला जोडणी परत झाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार सुरुवात सी-एजपासूनही झाली नव्हती. सी-एजशी जोडलेल्या ब्रॉन्टू नावाच्या तिसऱ्याच कंपनीतला एक जेनकिन्स सर्व्हर चुकीच्या पद्धतीने सेट केलेला होता, तिथून हल्लेखोर आत शिरले.

या साखळीकडे नीट बघा. खातेदाराचा विश्वास बँकेवर, बँकेचा सी-एजवर, सी-एजचा पुढच्या कंपनीवर. शेवटच्या कडीत एक सेटिंग चुकलं आणि पहिल्या कडीतल्या माणसाचं पेमेंट अडकलं. ३०० बँकांनी ३०० वेगळ्या यंत्रणा चालवल्या असत्या, तर रोज कुठे ना कुठे काहीतरी बिघडलं असतं. पण सगळ्या एकाच वेळी बंद पडल्या नसत्या. सासमध्ये छोटे रोजचे बिघाड कमी होतात. जो होतो तो मोठा असतो आणि सगळ्यांचा एकत्र असतो.

हे फक्त भारतात घडत नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे डीएनएसमध्ये, बिघाड झाला आणि स्नॅपचॅटपासून कॅनव्हापर्यंत अॅप्स अडखळली. एका केंद्रात चूक झाली आणि त्रास जगभर झाला.

मग देशी वापरलं की झालं?

नायराच्या प्रकरणानंतर ही चर्चा जोरात आली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी झोहो वापरत असल्याचं जाहीर केलं आणि केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या प्लॅटफॉर्मवर गेल्याच्या बातम्या आल्या.

परदेशी निर्बंधांचा धोका यामुळे कमी होतो, हे मान्य. पण दोन घटना शेजारी ठेवून बघा. नायराला अडवणारी कंपनी परदेशी होती. सी-एज मात्र शंभर टक्के देशी होती, मागे टीसीएस आणि स्टेट बँकेसारखी नावं होती, तरी ३०० बँका थांबल्याच. पासपोर्ट बघून कंपनी निवडली तर एक धोका टळतो, दुसरा तसाच राहतो.

आणखी एक गैरसमज : ‘आमचा डेटा मुंबईच्या सर्व्हरवर आहे, म्हणजे सेफ.’ डेटा कुठे ठेवला आहे आणि त्याचं दार कुणाच्या हातात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. हार्ड डिस्क पुण्यात असली तरी लॉगिन बंद करण्याचं बटण दुसऱ्या खंडातल्या ऑफिसात असू शकतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कंपनी कायद्याच्या नियमांत हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांची रोजची बॅकअप प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. नियम चांगला आहे, पण ती प्रतसुद्धा त्याच लॉगिनच्या आत असेल तर अडचणीच्या दिवशी तिचा उपयोग काय?

वाचवते ती दुसरी प्रत

मे २०२४ मधलं ऑस्ट्रेलियाचं उदाहरण यावर सगळ्यात बोलकं आहे. युनिसुपर हा तिथला मोठा पेन्शन फंड, सहा लाखांहून जास्त सभासद. गुगल क्लाउडवर त्यांची यंत्रणा उभी करताना एका सेटिंगची जागा रिकामी राहिली आणि पुढे त्यांचं अख्खं खासगी क्लाउड खातंच डिलीट झालं. गुगलने चूक मान्य केली. सेवा परत यायला एक आठवड्याहून जास्त वेळ गेला, पण डेटा वाचला. त्यात युनिसुपरने दुसऱ्या एका कंपनीकडे वेगळी ठेवलेली बॅकअप प्रत कामी आली.

ही गरज आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांनी फार आधी ओळखली होती. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेली द्रुवा ही कंपनी हेच काम करते : कंपन्यांच्या डेटाची दुसरी प्रत क्लाउडवर, वेगळ्या जागी ठेवणं. २०१९ मध्ये ती शंभर कोटी डॉलर मूल्याच्या कंपन्यांच्या यादीत गेली. सासच्या धोक्यावरचा उपाय सास म्हणूनच विकून कंपनी एवढी मोठी झाली, यावरून या दुसऱ्या प्रतीची किंमत कळते.

छोट्या फर्मला यासाठी मोठा खर्च लागत नाही. महिन्याच्या शेवटी ग्राहकांची यादी, बिलं आणि येणं-देणं एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली, तरी अर्धी लढाई जिंकली.

बाहेर पडायचं दार

भाड्याच्या घरात शिरताना आपण करारात नोटीस पीरियड बघतो. सॉफ्टवेअर घेताना कुणी बघत नाही. फ्री ट्रायल, मग ‘अॅक्सेप्ट’, आणि दोन वर्षांनी कळतं की डेटा बाहेरच काढता येत नाही.

अटी बदलतात, हे तुम्ही स्वतः अनुभवलं आहे. गुगल फोटोजमध्ये अमर्याद फोटो फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि नवे फोटो १५ जीबीत मोजले जायला लागले. तोपर्यंत हजारो फोटो तिथे साठलेले, मग जाणार कुठे? कंपन्यांच्या जगात हेच मोठ्या आकड्यांत होतं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद केलं. यापुढे फक्त सबस्क्रिप्शन. ज्यांची अख्खी यंत्रणा त्यावर उभी होती, त्यांच्याकडे घासाघीस करायला फारशी जागा उरली नाही.

सोडून जाण्याची सोय असेल तरच भाव करता येतो. भाजीबाजारातही हेच चालतं आणि क्लाउडमध्येही.

जबाबदारी मात्र भाड्याने देता येत नाही

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातल्या मुख्य अटी नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतील. कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : ग्राहकाची माहिती ज्याने गोळा केली, जबाबदारी त्याची. साठवण्याचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं तरी ती सुटत नाही. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लॅबने पेशंटचे रिपोर्ट कुठल्याही अॅपवर ठेवले, तरी पेशंट दार लॅबचंच ठोठावणार.

क्लाउड कंपन्याही करारात हेच लिहितात. इमारत, मशीन आणि नेटवर्क त्यांनी सांभाळायचं. पासवर्ड कुणाला दिला, नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन बंद केलं का, हे तुम्ही बघायचं.

सास घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. माझा सगळा डेटा मला, कुणाची परवानगी न घेता, उघडता येईल अशा फाइलमध्ये उतरवता येतो का? ट्रायलच्या पहिल्याच दिवशी करून बघा.

२. खातं बंद झालं तर डेटा किती दिवस ठेवणार? हे करारात लिहिलेलं आहे का?

३. अॅडमिनचं लॉगिन धंद्याच्या नावावरच्या ईमेलवर आहे की सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पोराच्या जीमेलवर? ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो?

४. ‘९९.९ टक्के चालू’ याचा अर्थ वर्षात पावणेनऊ तास बंद राहिलं तरी वचन मोडत नाही. ते तास तुमच्या दिवाळीच्या सेलमध्ये आले तर? आणि वचन मोडलं तर भरपाई काय? बहुतेक वेळा पुढच्या बिलात सूट मिळते, बुडालेली विक्री नाही.

५. उद्या सकाळी हे अॅप उघडलंच नाही, तर एक दिवस काम कसं चालवायचं? एक पावती पुस्तक आणि ग्राहकांच्या नंबरांची एक प्रिंट एवढंही पुरतं.

थोडक्यात

सासची किंमत ‘स्वस्त की महाग’ यात मोजली तर उत्तर चुकतं. तुम्ही महिन्याचं भाडं देता ते पूर, लाईट, अपडेट आणि गर्दीची चिंता दुसऱ्यावर सोपवण्यासाठी. हा सौदा बहुतेक छोट्या धंद्यांसाठी फायद्याचाच आहे, माझं मत स्पष्टपणे सासच्या बाजूने आहे. फक्त दुसरी प्रत आणि बाहेर पडायचं दार यांचा खर्च त्याच हिशोबात धरायला हवा. तो धरून अॅप महाग वाटलं, तर ते आधीही महागच होतं.

मनीषनगरातून रोज मिहानला जाणाऱ्या आयटीवाल्यांना यातलं निम्मं माहीत असतं, पण ते ऑफिसच्या सिस्टिमपुरतं. घरच्या दुकानाच्या अॅपचा अॅडमिन कोण आहे, हे एकदा बघा. या रविवारी ती सीएसव्ही फाइल उतरवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.